नांगी कोणी टाकली?

क्रिकेटचा सामना पाहायला चार मित्र जमले, की तोंडात चकलीआधी ‘नांगी’ येते! गडी भराभर बाद झाले, की ‘नांगी टाकली’. चार चौकार बसले, की ‘धावांचा पाऊस’. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत सामना सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसे. ते शब्दांनीच उभे करावे लागे. आता पडद्यावर चेंडूची शिवणसुद्धा दिसते, आणि आम्ही मात्र डोळे मिटून ठरलेली वाक्ये घोकतो.

डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपला. झाले! घरोघर नांगी. अहो, पण हेझलवूडने 8 धावांत 5 बळी घेतले, त्याचे काय? पाच गडी तर बॅटीची कड लागून यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतले. चेंडू केसभर बाहेर पडता, तर नुसताच निघून जाता! ‘नांगी’ म्हटले, की गोलंदाजाचे कसब पुसले जाते आणि फलंदाज फुकट भित्रा ठरतो. पुढे जानेवारी 2021 मध्ये तीच मालिका भारताने 2-1 अशी जिंकली, तेव्हा हीच मित्रमंडळी ‘ढाण्या वाघ, ढाण्या वाघ’ म्हणून नाचली. महिन्याभरात विंचवाचा वाघ कसा झाला, हे मात्र त्यांना विचारायचे नाही!