रोगप्रतिकारक? कुठल्या रोगाला, ते आधी सांगा



परवा मंचरला बेण्याच्या दुकानात उभा होतो. माझ्या पुढं एक मावशी होत्या. घरामागं परसबागेत लावायला त्यांना चार किलो बटाट्याचं बेणं पाहिजे होतं. दुकानदार म्हणाला, "सुटं नाही मिळायचं, गोणी घ्यावी लागंल. नाहीतर भाजीतला लावा की, घरच्या बागेला काय!" मावशी गेल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दादा, ही जात न्या, रोगप्रतिकारक आहे." म्हटलं, कुठल्या रोगाला? तर म्हणे, "सगळ्याच."

त्याच्यावर चिडून उपयोग नाही. ही दोन्ही वाक्यं आपणच वर्षानुवर्षं बोलत आलोय, आपल्या माहितीपत्रकांतही हेच छापून येतं. म्हणून आज जरा लांब लिहितोय.

सगळ्या रोगांना पुरून उरणारी बटाट्याची जात नाही. प्रत्येक जातीचा प्रतिकार कुठल्यातरी ठरावीक रोगापुरता असतो, आणि तोही कायमचा नसतो. कुफरी ज्योती घ्या. १९६८ ची जात. आली तेव्हा उशिरा येणाऱ्या करप्याला टिकणारी म्हणून तिचं नाव होतं. पण करप्याच्या रोगकारकानं हळूहळू आपलं रूप बदललं आणि तो प्रतिकार मोडला. आज ज्योती करप्यात जाते हे पठारावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी "ज्योती रोगाला चांगली" हे वाक्य काही मरत नाही. गंमत म्हणजे ज्योती एका रोगाला खरंच दाद देत नाही, तो म्हणजे बटाट्यावर चामखिळीसारख्या गाठी आणणारा रोग. पण आपल्या देशात तो आहे दार्जिलिंगच्या डोंगरात. तिकडच्या ढालीचा आपल्याला काय उपयोग?

कुफरी सूर्या उष्णता सोसते आणि तुडतुड्यांनी पानं जळणं तिच्यात कमी असतं. पण उशिराच्या करप्यापुढं ती उघडी पडते. पुखराज लवकर येणाऱ्या करप्याला बऱ्यापैकी टिकते, पण धुक्या-पावसाच्या आठवड्यात उशिराच्या करप्यासाठी तिच्यावर विसंबू नका. कुफरी लवकर ही आपल्या पठारी भागासाठी १९७२ मध्ये आलेली जात, नावसुद्धा आपल्याच 'लवकर' शब्दावरून. तिचा गुण लवकर पोसण्याचा. करप्याला तोंड देणं हे तिचं काम कधीच नव्हतं.

आता हे दोन करपे तरी ओळखता येतात का? पानावर तपकिरी ठिपका आणि त्यात एकात एक गोल वर्तुळं दिसली, तर तो लवकर येणारा. पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, आणि सकाळी दव असताना पान उलटं केल्यावर डागाच्या कडेनं पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिराचा. घरची बाई हे रोज सकाळी बघू शकते, त्याला कुठली डिग्री लागत नाही.

पण माझं खरं भांडण बांगडीवरून आहे.

काही वर्षांपूर्वी टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आले होते. आई म्हणाली, "हे लावू का रे परसात?" मी म्हटलं, लाव की, घरच्या बागेला काय! हो, हेच शब्द. रब्बीत बटाटा छान आला, एक झाड मेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाफ्यात तिनं वांगी लावली. फुलावर आली आणि भर दुपारी हिरवीच्या हिरवी माना टाकायला लागली. संध्याकाळी ताठ, दुसऱ्या दिवशी परत आडवी, चौथ्या दिवशी गेली. मी पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी सोडलं, म्हणजे शेजारच्या झाडांनाही रोग पोचवला.

आमच्या कृषी सहायकांनी येऊन एक बुंधा कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरला. पाच मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरायला लागला. बांगडी. बटाटा कापल्यावर आत तपकिरी कडं दिसतं, म्हणून हे नाव. हे जिवाणू थंडीत बेण्यात गप बसतात, झाड निरोगी दिसतं, आणि जमीन तापून ओली झाली की उठतात. ती बटाट्यातूनच आली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण त्या वाफ्यात आई वीस वर्षं वांगी घेत होती, आणि आधी असं कधी झालं नव्हतं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

बांगडीसाठी निर्धास्त राहावं अशी जात मला आजवर कुणी दाखवलेली नाही. तिथं चालतं ते फक्त निरोगी प्रमाणित बेणं, आणि ते शक्यतो अंड्याएवढं, न कापता लावलेलं. कारण एका रोगट बटाट्यावरून फिरलेला विळा पुढच्या दहांना रोग लावतो. डोळ्यांपाशी माती चिकटून बसलेले बटाटे बाजूला काढा. आणि एकदा बांगडी आली की त्या वाफ्यात निदान दोन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा काही नको. मका, कांदा, लसूण घ्या. उन्हाळ्यात माती खणून तापू द्या.

"एवढ्याशा बागेसाठी कशाला जातीचा विचार," असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर उलटं आहे. शेतात आपण व्यापारी मागेल ती जात लावतो आणि करपा दिसला की पंप पाठीवर घेतो. परसात शेजारच्याच वाफ्यातली कोथिंबीर संध्याकाळी आमटीत पडते, तिथं कोण दर आठ दिवसाला फवारणार? मग तिथं जातीतच दम पाहिजे. आणि परसात व्यापारी नसतो, सालीचा रंग कुणी बघत नाही. प्रतिकार बघून जात निवडायची मोकळीक फक्त तिथंच आहे. शिवाय परसातला करपा कुंपण मानत नाही, वाऱ्यावर तो शेजाऱ्याच्या एकरात जातो.

माझ्यापुरतं सांगतो. खरिपात, पावसाच्या भुरभुरीत लावायचं असेल तर उशिराच्या करप्याला मध्यम टिकणारी कुफरी ख्याती बघा. कुफरी चिपसोना-१ सुद्धा करप्याला चांगली. रस्स्यात फुटते, पण वेफर आणि उपवासाच्या किसाला एक नंबर. पठारी भागासाठी शिफारस असलेली कुफरी करण मिळाली तर जरूर लावा, करप्याबरोबर काही विषाणूजन्य रोगांनाही ती टिकते. रब्बीत कोरडी थंडी असेल तर पुखराज चालतो.

आणि कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या मंडळींना हात जोडून विनंती. पत्रकात "रोगप्रतिकारक" असं मोघम छापू नका. रोगाचं नाव लिहा, किती प्रतिकार ते लिहा, आणि तो अजून टिकून आहे का तेही लिहा. मी पाहिलेल्या परसबागेच्या किटमध्ये मेथी, पालक, भेंडीचं बी होतं, बटाट्याचं बेणं कधीच नव्हतं. पाव गुंठ्याला चार-पाच किलो पुरतं. बाजारात ५० किलोची गोणी. मग बाई भाजीतला बटाटा लावणार नाही तर काय करणार?

मावशींना मी बाहेर गाठलं. त्यांच्या बचत गटात अकरा जणी आहेत. गोणी मी प्रमाणित बेण्याची आणणार, टॅग बघून, आणि वाटप आमच्या ओट्यावर. विळा कुणीही आणायचा नाही असं सांगून ठेवलंय. आईनं तिचा वाफा मात्र द्यायला नकार दिलाय. त्यात अजून लसूणच आहे.