झाड कोण, गवत कोण?

बांबू हे झाड की गवत, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतला. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात या एका शब्दावर गावोगावची मिळकत अडून राहिली होती.

शास्त्रापुरता हा वाद केव्हाच मिटला आहे. लिनीअसने १७५३ मध्येच बांबूची नोंद देवनळाच्या प्रजातीत, म्हणजे गवतात केली. या जंगलातील मानवेलाचे कांड पुष्कळदा भरीव, तर कटांगाचे पोकळ व काटेरी. दोन्ही लाकडासारखे टणक. पण टणकपणा हे नात्याचे प्रमाण नव्हे. पेरेदार कांड, त्याला वेढणारे पर्णकोश आणि धान्यासारखे बी ही गवतकुळाची खूण होय. आजचे जीवशास्त्र याही पुढे जाऊन जनुकांची तुलना करते आणि समान पूर्वज शोधते. त्या हिशेबाने गडचिरोलीचा धान हा ज्वारीपेक्षा बांबूचा जवळचा आप्त ठरतो.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूला वृक्षाच्या व्याख्येत बसवले. या कायद्याला वंशावळ शोधायची नव्हती. वनोपजावर ताबा आणि महसूल हवा होता. हेतू वेगळा असेल तर वर्गीकरण वेगळे असण्यात वावगे काही नाही. पण त्याचा भार कोणावर पडला, हे पाहिले पाहिजे. येथला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले, तरी वृक्षाच्या जुन्या व्याख्येवर बोट ठेवून गावांची अडवणूक होतच राहिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला मात्र एप्रिल २०११ उजाडला.

२०१७ च्या दुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतातला बांबू त्यामुळे मोकळा झाला. जंगलातून आणलेला बांबू वनोपजच राहिला. तेव्हा ज्या गावाच्या हाती वनहक्काचा दावा मान्य झाल्याचा कागद नाही, त्याच्या पदरात या दुरुस्तीने काहीच पडत नाही. बांबू कोणाचा आप्त, हे शास्त्राने सांगितले. तो कोणाच्या मालकीचा, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. ते प्रत्येक ग्रामसभेपर्यंत पोहोचवणे हे शासनाचे काम आहे.