घाबरणं म्हणजे ईमान कच्चं असणं नव्हे

दहावीच्या पेपरआधी मुलीचे हात थरथरतात, झोप उडते. घरचे म्हणतात, "नमाज चुकवतेस, म्हणून!" हा निवाडा मला मान्य नाही. भीती समोरच्या धोक्याची असते, चिंता अजून न आलेल्या धोक्याची. चिंतेत तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: 'नापास होईन' हा विचार, छातीतली धडधड आणि पुस्तक टाळणं. टाळलं की घटकाभर बरं वाटतं. म्हणूनच ती वाढत जाते. ओरडून ती जात नाही, लाज तेवढी वाढते. इ.स. ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन, दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. आपण मात्र तापाला डॉक्टर शोधतो आणि घाबरलेल्या लेकराला टोमणे मारतो. दुआ जरूर करा. पण आधी तिचं ऐका आणि गरज पडली तर डॉक्टरकडेही न्या.