दाबाखालचा प्राणवायू आणि अत्यवस्थ रुग्ण

२३ एप्रिल २०२१ रोजी विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपुरास पोहोचली. तिच्यावरील सात टँकरांपैकी तीन येथे उतरले, उरलेले नाशिककडे गेले. ते दिवस पाहिलेल्या शहरात प्राणवायूच्या प्रत्येक नव्या उपचाराविषयी आशा उत्पन्न व्हावी हे स्वाभाविकच होय. बंद दालनात दुपटी-तिपटीच्या वायुदाबाखाली शुद्ध प्राणवायू देणे हा त्यांतलाच एक उपचार.

त्यामागील तत्त्व निःसंशय खरे आहे. एरवी प्राणवायू वाहून नेतात त्या तांबड्या पेशी. परंतु तिप्पट दाबाखाली तो रक्तद्रवातच पुष्कळ विरघळतो. ॲम्स्टरडॅमच्या बोरेमा यांनी तांबड्या पेशी जवळजवळ काढून घेतलेली डुकरे अशा दालनात जगविली व तो प्रयोग १९६० साली प्रसिद्ध केला. कोळशाच्या विषारी वायूने गुदमरलेल्याच्या रक्तातील त्या वायूचे प्रमाण साध्या हवेत निम्मे व्हावयास चार-पाच तास लागतात. दालनात अर्धा तासही लागत नाही. कोळसाखाणींच्या विदर्भात हा फरक क्षुल्लक नव्हे. अर्थात, मेंदूला होणाऱ्या दूरगामी इजेबाबत चाचण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

अडचण आहे ती अत्यवस्थ रुग्णाची. कृत्रिम श्वसनयंत्र दाबाखाली बिनचूक चालावे लागते. श्वासनलिकेतील नळीचा फुगा हवेऐवजी पाण्याने भरावा लागतो, कारण दाबाने हवा आक्रसते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल, तर दाब उतरताना ती फुगून जिवावर बेतते. शिवाय, एकट्याच्या नळकांड्यात ठेवलेल्या रुग्णाला डॉक्टरचा हात लागतच नाही! आगीचे भय तर कायमचेच. १९९७ साली मिलानमधील दालनाच्या आगीत दहा रुग्ण व एक परिचारक मृत्युमुखी पडले.

तेव्हा तारुण्य टिकविण्यासाठी अगर नुसत्या थकव्यावर हे दालन विकणाऱ्या दुकानदारीला येथे थारा देण्याचे कारण नाही. शासनाला खर्च करावयाचाच असेल, तर परिचारिका व डॉक्टर आत उभे राहू शकतील असे मोठे दालन उभारावे. त्यासाठी प्रशिक्षित माणसे नेमावीत आणि अग्निसुरक्षेची तपासणी कागदावर ठेवू नये. श्वसनयंत्रावरील रुग्णास रुग्णवाहिकेतून शहरभर हिंडविण्यातला धोका ध्यानी घेता त्याची जागा अतिदक्षता विभागाला लागूनच हवी, आणि नागपुरात ती मेडिकलच्या आवारातच शोधली पाहिजे.