झूम म्हणजे मॅग्निफिकेशन नव्हे

मॅमोग्राफी झाल्यावर केंद्रातून फोन येतो : 'एक मॅग्निफिकेशन व्ह्यू घ्यायचाय, पुन्हा या.' बाईच्या पोटात गोळा येतो आणि घरात प्रश्न निघतो, संगणकावर हवे तेवढे झूम करता येते, मग पुन्हा किरणे कशाला? प्रश्न रास्त आहे.

पडद्यावर झूम केले की टिपलेलेच मोठे दिसते; जे टिपलेच गेले नाही, ते कुठून येणार? मॅग्निफिकेशन व्ह्यूमध्ये स्तन डिटेक्टरपासून उंच फळीवर, एक्स-रे नळीच्या जवळ ठेवतात. दिव्याजवळ हात नेला की भिंतीवरची सावली वाढते, तसेच हे. प्रतिमा साधारण दीड ते दोन पट मोठी उमटते. पण वाढत्या सावलीच्या कडाही विरतात. किरण जिथून निघतात तो फोकल स्पॉट नुसता बिंदू नसतो, त्याला रुंदी असते. नेहमीच्या मॅमोग्राफीत ती 0.3 मिमी असते. त्याच स्पॉटने 1.8 पट प्रतिमा घेतली तर कडा जवळपास पाव मिलिमीटर पसरते, आणि शोधायचे कॅल्शियमचे कण तर कित्येकदा त्याहून बारीक असतात. म्हणून 0.1 मिमीचा स्पॉट लागतो. एवढ्याशा जागेवर जास्त करंट देता येत नाही, ती तापते. साहजिकच एक्स्पोजर लांबते. 'श्वास धरा, हलू नका' हे टेक्निशियन उगाच बजावत नाहीत.

मधल्या हवेच्या पोकळीत विखुरलेली किरणे बरीचशी बाजूला निघून जातात, त्यामुळे ती अडवणारी ग्रिड काढून ठेवता येते. मात्र नळी जवळ आल्याने डोस वाढतो. म्हणूनच ही तपासणी सरसकट नव्हे, शंका असलेल्या भागापुरतीच करायची असते.

मिळते काय? वरून घेतलेल्या प्रतिमेत धूसर, गोल वाटणारे ठिपके बाजूने घेतल्यावर चंद्रकोरीसारखे दिसले, तर ते गाठीतल्या द्रवाच्या तळाशी बसलेले कॅल्शियम असते, निर्धोक. बायोप्सी टळते. उलट बारीक, वेडेवाकडे, फांद्या फुटल्यासारखे कण रांगेत दिसले, तर दूधवाहिनीतल्या कर्करोगाची शंका घेऊन बायोप्सी करावीच लागते.

सावली वाढण्याचा हाच गुण छातीच्या एक्स-रेत मात्र नकोसा असतो. खाटेवर, समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये हृदय आहे त्यापेक्षा मोठे भासते. म्हणून शक्य तेव्हा रुग्णाला उभे करून, पाठीकडून, 180 सेमी अंतरावरून फिल्म घेतात.

आमची तक्रार तपासणीबद्दल नाही, त्या फोनबद्दल आहे. 'पुन्हा या' एवढेच सांगून फोन ठेवणे बरे नव्हे. कारणाची दोन वाक्ये सांगायला मिनिटही लागत नाही. पुन्हा बोलावणे म्हणजे निदान झाले असे नाही. बोलावले तर टाळू नका, आणि जाताना जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या.