एका जंतूची तीन नावं

मेंढ्यांमध्ये गर्भपात घडवणारा एक जंतू आहे. १९९९ पूर्वी त्याची गणना पोपटांच्या आजाराच्या 'क्लॅमिडिया सिटासी' या जातीत होई. त्या वर्षी तो 'क्लॅमिडोफिला अबॉर्टस' झाला आणि २०१५ पासून 'क्लॅमिडिया अबॉर्टस' म्हणून ओळखला जातो. त्याच्यावरचं संशोधन शोधणाऱ्या पशुवैद्याला आज तिन्ही नावं पालथी घालावी लागतात.

हे क्लॅमिडियांचं कुळ आपल्याला परकं नाही. खुपरी होते ती याच कुळातल्या जंतूमुळे. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ती भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

१९९९ मध्ये या कुळाचे दोन भाग झाले: 'क्लॅमिडिया'त तीन जाती, 'क्लॅमिडोफिला'त सहा. आधार होता मुख्यतः रायबोसोमच्या आरएनए जनुकांमधला फरक. एवढ्यावर नवी प्रजाती उभी करणं घाईचं होतं. अनेक जाणकारांनी २००१ मध्येच लेखी हरकत घेतली, पण तोवर दोन्ही नावं नियतकालिकांत रुळू लागली होती.

दुरुस्तीत पुढाकार घेतला तो जर्मनीतल्या येनानं. अर्न्स्ट हेकेलनं १८६६ मध्ये जीवसृष्टीची नवी मांडणी केली, तेच हे शहर. तिथल्या फ्रिडरिश लोफ्लर संस्थेतले कॉनराड झाक्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कबुतर-पोपटांतली 'एव्हियम' आणि कोंबड्यांतली 'गॅलिनेशिया' या दोन नव्या जातींचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी त्यांनी अकराही जाती 'क्लॅमिडिया' या एकाच प्रजातीत आणण्याचा प्रस्ताव मांडला. आता संपूर्ण जनुकसंच हाताशी होते. पेशीबाहेर तग धरणारं एक रूप आणि पेशीत शिरून वाढणारं दुसरं, हे जीवनचक्र सर्वांचं सारखंच. दोन गटांना ठामपणे वेगळं करील असं जैविक लक्षण सापडत नव्हतं. रूढ झालेलं नाव मागे घ्यायला सुचवणं सोपं नसतं. येनाच्या गटानं ते केलं, हे विज्ञानाच्या हिताचं झालं.

तरी सोळा वर्षांचे अहवाल आणि शोधनिबंध जुन्या नावानंच राहिले आहेत. गर्भवती स्त्रीनं विणाऱ्या मेंढ्यांपासून दूर राहावं, हा या जंतूबद्दलचा सल्ला तिन्ही नावांखाली विखुरला आहे. म्हणून नामांतर झालं की प्रयोगशाळांनी निदान दहा वर्षं तरी अहवालात नव्या नावाशेजारी जुनं नावही छापावं, आणि पशुवैद्यक महाविद्यालयांनी दोन्ही शिकवावीत.