चिंचेने घासलेला इतिहास

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासायला निघतात. भांडी घासावीत, माझी काही तक्रार नाही. पण जमिनीतून निघालेला इतिहासही त्याच चिंचेने घासायचा, याला मात्र माझा सक्त विरोध आहे!

आमच्या वर्गातल्या एका मुलाने मामाच्या गावाहून दोन वस्तू आणल्या. गाव असईजवळचे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दोन नद्यांच्या बेचक्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज दिली. एक शिशाची गोळी, एक पितळी गुंडी. दोन्ही लख्ख! गुंडीवरचे अक्षर घासून नाहीसे झालेले. आता पाहा, १७६७ पासून इंग्रजी पलटणींच्या गुंड्यांवर पलटणीचा क्रमांक असे. असईला ७४ वी आणि ७८ वी या हायलंडर पलटणी होत्या. गुंडीवर ७४ असते, तर ती कोणाच्या अंगरख्याची हे शाळकरी पोरानेही सांगितले असते.

आणि गोळी? आमचे वक्ते ती उचलून 'ही शिंद्यांची' म्हणून टाळ्या घेतात. कशावरून? शिंद्यांची कवायती पायदळे पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती, बंदुकाही युरोपीय घाटाच्या. इंग्रजी गोळ्या पौंडाला साधारण चौदा भरत. तेव्हा नुसती गोळी पाहून तिचा धनी ओळखू म्हणणाऱ्याने आधी तराजू तरी आणावा! वाटोळी, साच्याची शिवण शाबूत असलेली गोळी बहुधा उडालेलीच नसते. बार भरण्याच्या घाईत हातातून निसटलेली असते. चेपलेली गोळी कशावर तरी आदळलेली. अशा न उडालेल्या गोळ्या एका ओळीत सापडल्या, तर तेथे माणसे रांगेने उभी होती, हे कळू शकते. पण ती ओळ शेतात असते, डब्यात नव्हे.

अमेरिकेत मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्नच्या काठी २५ जून १८७६ रोजी कस्टर आपल्या माणसांसह मारला गेला. १९८३ मध्ये तेथील गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली. पुढल्या वर्षापासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी धातुशोधक यंत्रे फिरवली. सापडले तेथे निशाण रोवले, जागा नोंदली, मगच वस्तू उचलली. काडतुसाच्या बुडावरचा खिळीचा ठसा प्रत्येक बंदुकीचा निराळा; त्यावरून एकच बंदूक कोठून कोठे गेली ते कळले. लकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे एकामागून एक बार काढणाऱ्या बंदुका होत्या, हेही उघड झाले. आपल्या १८०३ च्या बंदुकांना पितळी काडतूस कुठले! म्हणून जागेचे मोल आपल्याकडे अधिकच.

१८७८ च्या कायद्याने दहा रुपयांच्या वरच्या गुप्तधनाची वर्दी द्यायला सांगितले. शिशाच्या गोळीला दहा रुपये कोण देणार? ती मोडीत जाते, नाहीतर काचेच्या कपाटात. आणि कपाटवाल्यांना मी तरी कोणत्या तोंडाने बोलू! वीस वर्षांपूर्वी अशाच एका गोळीवर मी स्वतः 'मराठ्यांची गोळी' अशी चिठ्ठी डकवली होती. पुरावा काही नव्हता, अभिमान भरपूर होता.

त्या मुलाला मी विचारले, "बाळ, शेतात नेमकी कुठे सापडली रे ही?"

"गुरुजी, ते मामांनाच ठाऊक. त्यांच्याकडे डबाभर आहेत. सगळ्या एकत्रच ठेवल्यात, घासून."